कुंकू न धरणारी पत्रिका

पत्र असं आहे :

"काका, नमस्कार. मी मिरजेचा, वय २६. तीन वर्षं डिझाइनची कामं करतो. बहुतेक सगळी मोबाइलवर जाणारी : बॅनर, पोस्ट, दुकानांच्या जाहिराती. छपाईचं पहिलं मोठं काम म्हणजे मामेबहिणीची लग्नपत्रिका. जीव ओतून केली. ३०० जीएसएमचं जाड, गुळगुळीत आर्ट कार्ड, गडद मरून रंग, मॅट लॅमिनेशन, नावांना सोनेरी फॉइल, गणपतीपुरता चकचकीत स्पॉट यूव्ही थर, कडेची वेलबुट्टी एम्बॉसिंगनं वर उठवलेली. स्क्रीनवर बघून सगळे खूश होते. छापून आली तर घडीवर पांढरी भेग, मरून जवळजवळ काळा, आणि बहिणीच्या नावातला 'ज्ञ' म्हणजे सोन्याचा गोळा. देवापुढे ठेवायच्या पहिल्या पत्रिकेला आजी हळदकुंकू लावायला गेली, तर ते घसरून तिच्याच बोटांवर परत आलं. म्हणाली, 'ही पत्रिका आहे का मिठाईचा बॉक्स?' मामा काहीच बोलले नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं. आता आमच्या शाळेतले निवृत्त मराठीचे सर त्यांचा कवितासंग्रह माझ्याकडे देताहेत. ९६ पृष्ठं, ३०० प्रती, बजेट बेताचं. 'हातात घेतल्यावर बरं वाटलं पाहिजे' एवढीच त्यांची अट आहे. मी काय करू? फिनिशिंगच्या भानगडीत पडूच नको का? – घाबरलेला डिझायनर"

अरे, काका म्हणालास तेव्हा मी अरेतुरेवर येतो. पहिलं म्हणजे आजीला माझा नमस्कार सांग. तीस वर्षं छापखान्यांचे उंबरठे झिजवून मला जे कळलं, ते तिनं एका बोटात सांगितलं.

मॅट लॅमिनेशन म्हणजे काय, तर कागदावर चिकटवलेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. तो एकदा बसला की त्या बाजूला कागद उरतच नाही. कुंकू, हळद, बॉलपेनची शाई, रबरी शिक्का यांना मुरायला जागा लागते आणि प्लॅस्टिकमध्ये ती नसते. आता पत्रिकेचं आयुष्य डोळ्यांसमोर आण. पहिली प्रत देवापुढे जाते, तिच्या कोपऱ्याला हळदकुंकू लागतं. मग घरातलं कुणीतरी यादी घेऊन बसतं आणि शंभर-दोनशे पाकिटांवर 'श्री. अमुक, सहकुटुंब सहपरिवार' असं पेननं लिहितं. मग ती पिशवीत, डिकीत, पोस्टात, आणि लग्नापर्यंत कुणाच्या तरी फ्रिजवर. यातला एकही प्रसंग तुझ्या स्क्रीनवर नव्हता. तू रंग निवडलास, अक्षर निवडलंस, आणि सगळं झाल्यावर छापखान्यात विचारलंस, "कागद कोणता घेऊ?" तिथं जे कपाटात होतं ते त्यांनी दिलं. त्यांची चूक नाही. पहिला प्रश्न तू शेवटी विचारलास. कागद ठरल्यावर रंग ठरतो, अक्षराची जाडी ठरते, घडी ठरते. तू उलट्या बाजूनं चढलास.

घडीवरची भेग बघू. कारखान्यात कागद मशीनवर लांबच लांब वाहत तयार होतो, त्यामुळे त्याचे तंतू एका दिशेला झोपलेले असतात. त्याला आपण ग्रेन म्हणतो. ग्रेनच्या बाजूनं घडी घातलीस तर कागद सहज वाकतो. आडवी घातलीस तर तंतू मोडतात, वरचा कोटिंगचा थर फुटतो आणि आतला पांढरा कागद बाहेर डोकावतो. पांढऱ्या पत्रिकेवर ते दिसलंही नसतं. तू त्यावर मरूनची लादी ओतलीस, म्हणून दिसलं. २०० जीएसएमच्या वरचं काहीही घडी करायचं असेल, तर आधी क्रीजिंग हवंच. म्हणजे बोथट पट्टी दाबून चर पाडायचा आणि मग घडी घालायची. गंमत म्हणजे हे काम अनेक ठिकाणी अजून जुन्या ट्रेडल छपाई मशीनवर चालतं. ज्या मशीननं एके काळी शिशाच्या अक्षरांचे खिळे लावून पावत्या छापल्या, तेच आता क्रीजिंग, पंचिंग आणि नंबरिंग करत म्हातारपण काढतंय. मला त्या मशीनचा आवाज आवडतो, पण ते असो.

ग्रेन ओळखायला यंत्र लागत नाही. एकाच कागदातून सारख्या मापाच्या दोन पट्ट्या काप, एक उभी आणि एक आडवी. टेबलाच्या कडेवरून दोन्ही सारख्या बाहेर सोड. जी जास्त लोंबेल, तिच्या लांबीला ग्रेन आडवी आहे. दोन मिनिटांचं काम आहे.

याच ग्रेनशी पावसाळ्याचं जुनं वैर आहे. एकाच बाजूला लॅमिनेशन केलेलं पातळ कार्ड जूनमध्ये कोकणात पाठवून बघ. उघडी बाजू हवेतला ओलावा पिऊन फुगते, प्लॅस्टिकची बाजू हलत नाही, आणि कार्डाची पन्हळ होते. मी स्वतः एका पतसंस्थेच्या टेबल कॅलेंडरचा असाच निकाल लावला होता. पानं मी निवडली होती, लॅमिनेशनही मीच सांगितलं होतं. आठवड्याभरात जुलैपासूनची सगळी पानं केळीच्या पानासारखी वळली. तेव्हापासून मी पातळ कागदावर एकतर्फी लॅमिनेशन सांगत नाही.

मरूनचं दुखणं वेगळं आहे. स्क्रीनला मागून उजेड असतो. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, खोलीतला उजेड शाईतून आत जातो, कागदावर आपटून परत येतो, तेवढाच तुला दिसतो. छपाईच्या चार रंगांच्या (निळा, किरमिजी, पिवळा, काळा) ठिपक्यांची टक्केवारी एकत्र मिळवलीस, तर आर्ट पेपरवर ती ३०० च्या आसपास थांबवायची असते आणि कोटिंग नसलेल्या कागदावर २४० ते २६० च्या आत. तुझा मरून कितीचा होता, फाइल उघडून बघ. माझी पैज आहे, ३३० च्या पुढे निघेल. वर मॅट फिल्म आली. चकाकी गेली की गडद रंगांमधले बारीक फरक बसून जातात आणि सगळं एकाच काळसर पातळीवर येतं. शिवाय गडद मॅटवर प्रत्येक बोटाचा ठसा उमटतो तो निराळाच. मरून पाहिजेच होता, तर तो पाचवा रंग म्हणून डब्यातून सरळ घ्यायचा, चार रंगांतून शिजवायचा नाही. त्याहून सोपं म्हणजे मरून रंगाचाच कागद घ्यायचा. रंगीत कागदाची घडी फुटली तरी आतूनही मरूनच निघतो.

आता 'ज्ञ'. फॉइलिंग म्हणजे धातूचा ब्लॉक तापवतात, फॉइलची पट्टी मध्ये धरतात आणि ब्लॉक कागदावर दाबतात. जिथं दाब तिथं सोनं. ब्लॉकमधल्या बारीक फटींवर फॉइल पूल बांधतं, आणि मग फट भरून जाते. रोमन अक्षरांत या फटी मोकळ्या असतात. आपल्या देवनागरीत 'ज्ञ'ची गाठ, 'क्ष'चा वळसा, 'श्री'तला रकार, अनुस्वार आणि वेलांटीमधली चिमूट, सगळीकडे फटीच फटी. त्यात तू बहुधा बारीक-जाड रेघांचं नखरेल अक्षर घेतलं असशील. फॉइलसाठी सारख्या जाडीचं, मोकळ्या पोटाचं अक्षर घ्यावं आणि नाव थोडं मोठं करावं. खरा उपाय म्हणजे प्रिंटआउट काढून पेन्सिलनं 'ज्ञ'च्या आतली जागा मोजायची. अर्धा मिलीमीटर भरत नसेल, तर फॉइलचा नाद सोडायचा. एम्बॉसिंगला तर त्याहून जास्त ऐसपैस जागा लागते, कारण तिथं कागदाला चढायला आणि उतरायला उतार हवा असतो.

तू या सगळ्यावर चार फिनिश चढवलेस, आणि चारही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मशीनवर. साधारण क्रम असा असतो : छपाई, मग लॅमिनेशन, मग फॉइल आणि यूव्ही, मग एम्बॉसिंग, शेवटी पंचिंग आणि क्रीजिंग. प्रत्येक वेळी कागद नव्यानं पकडला जातो आणि केसभर सरकतो. लॅमिनेशनच्या उष्णतेनं तो थोडा आक्रसतोही. चार केस मिळून नजरेत भरेल एवढी चूक होते. तुझ्या गणपतीवरचा यूव्हीचा चकचकीत थर छापलेल्या रेषेच्या बाहेर आला नसेल, तर तू नशीबवान.

फिनिशिंगचं वेड आजचं नाही बरं. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ओलिओग्राफ नावाची जी चित्रं घराघरांत टांगली गेली, त्या प्रकाराचं सगळं मर्मच फिनिशिंगमध्ये होतं. शिळाछापावर वार्निश चढवायचं, कॅनव्हासचा पोत दाबून उठवायचा आणि कागदाला तैलचित्राचा आव आणायचा. पुढे लोकांनी त्या चित्रांवर स्वतःच्या हातानं जरी आणि टिकल्या चिकटवल्या. अशी एखादी जुनी लक्ष्मी कुठं पाहायला मिळाली तर नीट बघ. जरीचं काम साडीवर आणि दागिन्यांवर असतं, चेहऱ्याला कुणी हात लावलेला नसतो. चमक कुठं द्यायची हे त्या अनाम माणसांना ठाऊक होतं. आणि कुठं द्यायची नाही, हे तर जास्तच.

तीच पत्रिका माझ्याकडे आली असती तर? मी हातकागद घेतला असता. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद बनवणारी संस्था आहे, आणि वेरूळच्या वाटेवरच्या कागजीपुऱ्यात तर ही कला काही शतकांची आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून एकेक ताव साच्यानं उचललेला असतो. त्यामुळे ग्रेन जवळजवळ नसते, कडा ओबडधोबड राहतात, आणि एम्बॉसिंग असं खोल उतरतं की बोट फिरवत बसावंसं वाटतं. पण ऑफसेटवर हा कागद चालवू नकोस, त्याचा भुगा मशीनला त्रास देतो. त्यावर स्क्रीन प्रिंटिंग करायचं, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून उतरवायची. एकाच रंगात, कुंकवाच्या लालमध्ये मजकूर, आणि वर गणपती फक्त एम्बॉस, शाई न लावता. फॉइल नाही, यूव्ही नाही. यूव्ही तसाही त्या कागदावर मुरून गायब झाला असता. आजीचं कुंकू मात्र पहिल्या बोटात बसलं असतं.

पोस्टाचाही हिशेब तू केला नव्हतास, खरं की नाही? जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये. ए-४ हा चौरस मीटरचा सोळावा भाग. म्हणजे उघडल्यावर ए-४ होणारी ३०० जीएसएमची पत्रिका पावणेएकोणीस ग्रॅमची, लॅमिनेशन वेगळं. तिच्यावर जाड पाकीट चढलं की २५ ग्रॅमच्या पुढे गेलीच. साध्या पत्राचा दर वीस-वीस ग्रॅमच्या टप्प्यानं वाढतो. तीच पत्रिका १७० जीएसएममध्ये साडेदहा ग्रॅमची होते आणि हलक्या पाकिटासकट पहिल्या टप्प्यात बसते. दोनशे पाकिटांना गुणून बघ. तेवढ्यात एम्बॉसिंगच्या ब्लॉकचे पैसे निघाले असते.

पत्रिकेचं झालं ते झालं. मामा विसरतील, बहीण विसरेल, आजी मात्र विसरणार नाही, ते सोडून दे.

सरांच्या पुस्तकाकडे वळू, कारण खरं काम तिथं आहे. "हातात घेतल्यावर बरं वाटलं पाहिजे" या वाक्याइतकी स्पष्ट मागणी गिऱ्हाइकाकडून क्वचितच येते. त्यांनी चमक मागितलेली नाही.

आतल्या पानांना आर्ट पेपर नको. कवितेच्या पानावर त्याची चकाकी दिव्याखाली डोळ्यांत जाते आणि पुस्तक उगाच विटेसारखं जड होतं. पांढराशुभ्र मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा नेहमीचा कागद, तोही नको. नॅचरल शेड घे, किंचित साईच्या रंगाचा, ८० जीएसएम. दुकानदार म्हणेल, "पुस्तकाला सत्तर चालतो." कादंबरीला चालतो. तिथं दोन्ही बाजूंना ओळी भरगच्च असतात, मागचं अक्षर पुढच्या अक्षराआड लपतं. कवितेत ओळी तोकड्या आणि मोकळी जागा जास्त. पाठीमागच्या कवितेचं भूत पुढच्या कवितेच्या मोकळ्या जागेत उभं राहतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, सरांनी इथंही काही लिहिलंय का? म्हणून कागदाची अपारदर्शकता इथं शाईइतकीच महत्त्वाची. जोडीला तुझ्या हातात असलेली एक युक्ती कर. सगळ्या पानांवर ओळींची पातळी एकाच अदृश्य जाळीवर बसव, म्हणजे पुढची ओळ आणि मागची ओळ पाठीला पाठ लावून येतील. याला एक पैसा लागत नाही.

माप डेमी ठेव, साडेपाच बाय साडेआठ इंच. डबल डेमीचा २३ बाय ३६ इंची ताव या मापाला वाया जात नाही. एका तावात १६ पानं कागद, म्हणजे ३२ पृष्ठं. मशीनवर तो अर्धा होऊन १८ बाय २३ चढतो, त्याची घडी घातली की १६ पृष्ठांचा फर्मा, म्हणजे पानांची एक जुडी, होतो. तुझी ९६ पृष्ठं म्हणजे बरोबर सहा फर्मे. सरांना ऐन वेळी अजून दोन कविता आठवल्या आणि ९८ झाली, तर सातवा फर्मा चढतो आणि त्यात १४ पृष्ठं कोरी. तेव्हा आत्ताच सांग : सर, ९६ म्हणजे ९६, अर्पणपत्रिका धरून.

कागद रिमात मोजतात पण किलोवर विकतात, म्हणून दुकानात जाताना हा आकडा खिशात ठेव. ८० जीएसएम डबल डेमीचं ५०० तावांचं रीम साधारण २१.३ किलोचं. ३०० प्रती गुणिले सहा फर्मे म्हणजे १८०० अर्धे ताव, अर्थात ९०० पूर्ण ताव. मशीन लावताना काही वाया जाणारच, ते धरून दोन रीम सांग. ७० जीएसएमचं हेच रीम १८.६ किलो भरतं. कुणी "ऐंशीचाच आहे" म्हणून अठरा-सहाचं रीम पुढे केलं, तर तुला काट्यावर कळेल.

ग्रेन इथं परत येते. पुस्तकात ती पाठीच्या कण्याला समांतर हवी, नाहीतर पानं ताठ उभी राहतात, पुस्तक हातात मिटत राहतं आणि डिंकाजवळ लाटा उठतात. डेमीचं पान ३६ इंची बाजूवर उभं कापलं जातं, तेव्हा २३ बाय ३६ चा ताव लाँग ग्रेन माग. अर्धा केल्यावर तीच ग्रेन १८ इंचांच्या, म्हणजे आखूड बाजूला येते. तिथं मशीनवाला "शॉर्ट ग्रेन आलाय" म्हणाला तर घाबरू नकोस, तो बरोबर आहे आणि तूही. सरांना जे 'बरं वाटलं पाहिजे' ते निम्मं इथं आहे. पुस्तक उघडल्यावर अंगठ्याशी भांडत नाही.

बांधणीसाठी मी शिलाईच सांगेन. ३०० प्रतींना सहा फर्मे शिवायला काही फार पैसे पडत नाहीत. नुसतं डिंकावर चिकटवलेलं पुस्तक कवितेसाठी वाईट, कारण कवितेचं पुस्तक लोक एकाच पानावर पुन्हा पुन्हा उघडतात आणि नेमकं तेच पान सुटून हातात येतं. बजेट अगदीच आडवं आलं, तर दुसरीकडे कुठंतरी काटछाट कर, शिलाईत नको. डिजिटल छपाईचाही भाव विचार. ३०० हा आकडा दोन्हीच्या सीमेवर आहे. काळी अक्षरं डिजिटलवर चांगली येतात, पण मग फर्म्यांचा आणि शिलाईचा हिशेब बदलतो, तावाचं मापही वेगळं असतं. आणि टोनर, म्हणजे डिजिटलची कोरडी शाई, कागदात मुरत नाही, वर बसतो, म्हणून मुखपृष्ठावर गडद रंग असेल तर कण्यावर तो तडकतो. मी असतो तर आतलं ऑफसेटलाच दिलं असतं. थोडा माझा हट्टही आहे त्यात.

मुखपृष्ठ सुरू करण्याआधी कण्याची जाडी काढ. ९६ पृष्ठं म्हणजे ४८ पानं. ८० जीएसएमचं साधं पान साधारण ०.१ मिलीमीटर, फुगीर जातीचं ०.१२ पर्यंत जातं. म्हणजे आतलं अंग पावणेपाच ते पावणेसहा मिलीमीटर, वर मुखपृष्ठाचे दोन थर. एवढ्याशा कण्यावर नाव बसवताना रोमनच्या सवयीनं जाऊ नकोस. आपल्या अक्षराला वर वेलांटी आणि खाली उकार असतो, दोन्हीकडे श्वास हवा. संग्रहाच्या नावात रफार किंवा 'कृ' असेल, तर आधी सगळ्यात वाईट अक्षर कण्यावर ठेवून बघ आणि त्यावरून आकार ठरव.

मुखपृष्ठाला कोटिंग नसलेला, हलक्या पोताचा २५० जीएसएमचा कागद घे. त्यावर रंग थोडे मुरतात आणि ठिपके पसरतात, म्हणून फोटो असेल तर तो आधीच थोडा उजळ कर आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं टाळ, कारण शाई पसरून अनुस्वार गिळते. शक्य असेल तर चित्रच घेऊ नकोस. संग्रहाचं नाव, सरांचं नाव आणि भरपूर कागद. कागद चांगला असेल तर रिकामी जागा रिकामी वाटत नाही.

आणि फिनिश एकच. एम्बॉसिंग किंवा फॉइल किंवा काहीच नाही. माझं मत विचारशील तर डीबॉसिंग : नाव आत दाबलेलं, शाईसकट. वर उठलेली अक्षरं टेबलावर घासून चार महिन्यांत मळतात, आत गेलेली सुरक्षित राहतात. २५० जीएसएमला मागच्या बाजूनं उठाव दिसेल, त्यावर उपाय म्हणून मुखपृष्ठाला आतून फ्लॅप दे. वळलेला कागद तो उठाव झाकतो, मुखपृष्ठ जाड लागतं आणि सरांचा परिचय छापायला जागाही मिळते. फ्लॅपची घडी क्रीज करूनच, हे आता तुला सांगायला नको. लॅमिनेशन नको असेल तर पुस्तक मळेल का? मळेल थोडं. पाण्यावर आधारलेलं पातळ कोटिंग मिळतं, त्यात प्लॅस्टिकचा पापुद्रा नसतो, त्यानं बराच बचाव होतो. थोडं मळलेलं कवितेचं पुस्तक मला तरी वाईट दिसत नाही. पण हा निर्णय सरांचा, त्यांना दोन्ही नमुने हातात देऊन विचार.

नमुने कुठून आणायचे? कागदाचे व्यापारी नमुन्याच्या गड्ड्या देतात, मागायला लाजू नकोस. छापखान्यात गेलास की काउंटरवर उभा राहू नकोस, मागे कटिंग मशीनजवळ जा. तिथं प्रत्येक कामाच्या कापून टाकलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात. त्यांतून बारा-पंधरा उचल, मागे पेन्सिलनं नाव आणि जीएसएम लिही आणि डब्यात ठेव. माझा असा डबा आहे, पेढ्यांचा आहे, घरातल्यांना त्याचा राग येतो.

छपाईला फाइल देण्याआधी डमी करून घे. डमी म्हणजे कोरं पुस्तक. जो कागद लागणार त्याचीच ४८ पानं, तेच मुखपृष्ठ, तीच बांधणी, आत एक अक्षर नाही. बहुतेक छापखाने काम मिळणार असेल तर फुकट करून देतात. ती सरांच्या हातात दे आणि काही बोलू नकोस. ते कोणत्या हातानं धरतात, अंगठा कुठं ठेवतात, किती वेळा उलटं करतात, एवढं बघ. त्यांचा अंगठा जिथं पडेल तेवढा समास सोड. छापखान्याला काम देताना कागदाचं नाव, जीएसएम, ग्रेन, फर्मे, शिलाई, दाबायच्या अक्षरांची वेगळी फाइल आणि क्रीजची जागा हे सगळं एका कागदावर लिहून दे. तोंडी सांगितलेलं मशीनपर्यंत पोचता पोचता बदलतं, यात कुणाचा दोष नसतो.

पत्रिका उरल्या असतील ना घरी? लग्नात नेहमी चाळीस-पन्नास उरतात. त्या रद्दीत घालू नकोस, प्लॅस्टिकमुळे रद्दीवाल्यालाही त्यांचा फारसा उपयोग नाही. दहा-बारा घेऊन बस. ग्रेनच्या बाजूनं घडी घालून बघ, मग आडवी. चर पाडून बघ, न पाडता बघ. एकीवरची फिल्म नखानं सोलून काढ आणि त्या जागी पेननं लिही. मग एखादी आजीकडे घेऊन जा, आणि या वेळी कुंकू आतल्या उघड्या बाजूला लावायला सांग.